नाणेफेक नको, गाड्या बदला

समान मते पडली की आपण चिठ्ठ्या टाकतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना फेरमोजणीअंती सारखीच मते मिळाली. चिठ्ठी काढली गेली आणि शहा नगरसेवक झाले. यात गैर काहीच नव्हते. विधानसभा-लोकसभेसाठी असलेल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही हीच तरतूद आहे आणि तिची भाषा मोठी मासलेवाईक आहे. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त पडले असे समजावे, असे कायदा म्हणतो. म्हणजे हजारो माणसांनी उन्हात रांगा लावून मते द्यायची आणि शेवटचे मत द्यायचे ते कागदाच्या घडीने!

क्रिकेटवाल्यांनी याहून विद्वत्तेचा मार्ग काढला होता. २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, नंतरची सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली. मग कोणी किती चौकार-षटकार मारले ते मोजले गेले. इंग्लंडचे २६ निघाले, न्यूझीलंडचे १७. चषक इंग्लंडला. पळून काढलेली धाव ही सीमापार गेलेल्या धावेपेक्षा कमी प्रतीची असते, हे त्या दिवशी जगाला पहिल्यांदा कळले. पुढे तीनच महिन्यांत तो नियम रद्द करावा लागला. आणि २०२० साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत दोन मुलांना ७२० पैकी ७२० गुण पडले, तेव्हा वयाने मोठा त्याला पहिला क्रमांक आणि लहान ती दुसरी, असा निवाडा झाला. परीक्षा भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची, निकाल जन्मतारखेचा.

घरात दहावी-बारावीचे मूल असलेल्या कोणालाही या गोष्टी लांबच्या वाटणार नाहीत. पाव टक्क्याने हुकलेला प्रवेश काय असतो हे आता प्रत्येक इमारतीत एका तरी घराला ठाऊक असते. म्हणूनच बरोबरी झाली तर करायचे काय, या प्रश्नाला मोटारींच्या शर्यतीतल्या दोन तरुणांनी १९५८ साली इंग्लंडात दिलेले उत्तर आज नीट पाहण्यासारखे आहे. मोटारींच्या शर्यतीशी आपला काय संबंध, असे वाचकांनी लगेच म्हणू नये. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या अँबॅसडरपर्यंत येतो.

त्या वर्षी ब्रिटिश रेसिंग अँड स्पोर्ट्स कार क्लबने सलून मोटारींची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा भरवली. सलून म्हटले की आपल्याला खुर्ची, आरसा आणि कात्री आठवते, फार तर रेल्वेतल्या बड्या साहेबांचा स्वतंत्र डबा. इंग्रज मात्र छपराच्या, मागे-पुढे बसायला जागा असलेल्या, बायकामुलांना घेऊन समुद्रावर जायच्या साध्या मोटारीला सलून म्हणतात. शर्यतीच्या मोटारी तोवर वेगळ्याच जातीच्या असत. चिरुटासारख्या लांबट, एकाच माणसाच्या, रस्त्यावर कधीही न दिसणाऱ्या. या स्पर्धेत उतरल्या त्या शेजाऱ्याच्या दारात उभ्या असणाऱ्या गाड्या. ऑस्टिन, फोर्ड, जॅग्वार. प्रेक्षकाला वाटावे, अरे, ही तर आपलीच!

काळही त्याला अनुकूल होता. सुएझच्या भानगडीमुळे १९५६ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले होते, ते मे १९५७ मध्ये उठले. युद्धात बांधलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या आणि त्यांच्या कडेचे रस्ते रिकामे पडलेले होते. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, स्नेटर्टन ही शर्यतींची नामांकित मैदाने अशीच तयार झाली. देशातला पहिला मोटारवे, प्रेस्टनजवळचा आठेक मैलांचा तुकडा, डिसेंबर १९५८ मध्ये खुला झाला. मध्यमवर्गाच्या दारात गाडी येऊ लागली होती, आणि दारात गाडी आली की ती शेजाऱ्यापेक्षा जोरात पळते का, हा प्रश्न येतोच.

पण सगळ्या गाड्या एकाच रांगेत उभ्या करायच्या तर न्याय कसा व्हायचा? जॅग्वार ३.४ चे इंजिन ३,४४२ सीसीचे, ताकद २१० अश्वशक्तीची. ऑस्टिन वेस्टमिन्स्टर ए १०५ चे इंजिन २,६३९ सीसीचे, ताकद जवळजवळ निम्मी. त्याहून लहान गाड्या तर किती तरी. म्हणून इंजिनाच्या आकारमानावरून गाड्यांचे वर्ग पाडले गेले. पळायचे सगळ्यांनी एकत्र, पण गुण मिळायचे ते आपापल्या वर्गातल्या क्रमांकाचे. लहान गाडीवाला शर्यतीत सगळ्यात पुढे येणे शक्यच नव्हते, पण तो आपल्या वर्गात पहिला आला तर त्याचे गुण थेट जॅग्वारवाल्याइतके.

ही योजना नुसती दयाळूपणाची नव्हती, तिचे परिणाम फार दूरवर गेले. ऑस्ट्रेलियाशी तुलना केली की ते दिसते. तिथली पहिली राष्ट्रीय टूरिंग कार स्पर्धा १९६० साली न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावाजवळ, नू ब्लास या मार्गावर झाली. एकच शर्यत, जो पुढे येईल तो अजिंक्य. डेव्हिड मॅके नावाचा पत्रकार जिंकला. त्याची गाडी जॅग्वार ३.४, दुसऱ्याचीही तीच, तिसऱ्याचीही तीच. १९६० ते १९६३ अशी चारही वर्षे तिथे जॅग्वारच जिंकली. ब्रिटनमध्ये जॅग्वार धावण्यात पुढे असायच्या, पण १९५८ ते १९६२ या पहिल्या पाच वर्षांत एकही अजिंक्यपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९६१ साली तर जॉन व्हिटमोर हा चिमुकल्या मिनीत बसून अजिंक्य ठरला. दोन्ही देशांत गाड्या जवळपास त्याच होत्या. गुण मोजण्याची रीत बदलली आणि इतिहास वेगळा झाला.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत तेहतीस वर्षे काढली, त्यामुळे वर्ग पाडून मोजण्याच्या या युक्तीकडे मी जरा आपुलकीने पाहते. आमच्याकडेही शाखांचे वर्ग असतात: ग्रामीण, निमशहरी, शहरी, महानगरी. फोर्टातल्या शाखेच्या ठेवी आणि दुष्काळी तालुक्यातल्या शाखेच्या ठेवी एका तराजूत घालता येत नाहीत, हे रिझर्व्ह बँकेपासून सगळ्यांना मान्य आहे. प्रत्येकाला आपापल्या वर्गाप्रमाणे उद्दिष्ट. ३१ मार्चला आपापल्या वर्गात पहिला आला त्याचे कौतुक. इथपर्यंत सगळे ठीक.

अडचण येते ती दोन वर्गांतले दोन पहिले एकाच जागेसाठी समोरासमोर आले की. माझ्या डोळ्यांदेखत घडलेले एक प्रकरण आहे. बढतीची जागा एक, माणसे दोन. एक उसाच्या पट्ट्यातल्या निमशहरी शाखेचा शाखाधिकारी. कारखान्याची ऊसबिले जमा झाली की त्याच्या शाखेच्या ठेवी दर हंगामात फुगायच्या; अर्थात तो माणूस कामाचाही होताच. दुसरा होता जनावरांच्या छावण्या लागलेल्या तालुक्यात. पीककर्जाच्या वसुलीसाठी तो मोटारसायकलवर वाड्यावस्त्या फिरायचा, आणि वसुली दोन टक्क्यांनी वाढली तर त्याच्या घरी त्या दिवशी गोडाचे व्हायचे. दोघांचे अहवाल उत्तम, गुण सारखे. शेवटी सेवाज्येष्ठता पाहिली गेली. एकजण दुसऱ्यापेक्षा काही महिने आधी नोकरीला लागला होता, त्याला बढती मिळाली. तो लायक नव्हता असे मुळीच नाही. पण दुसऱ्याच्या बायकोने मला विचारले होते, "यांचं नेमकं काय कमी पडलं?" त्या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हते. कमी काहीच पडले नव्हते.

नेमकी हीच कोंडी १९५८ च्या त्या पहिल्या हंगामाच्या अखेरीस उभी राहिली. एका बाजूला जॅक सियर्स, वय अठ्ठावीस, नॉरफोकचा शेतकरी, ऑस्टिन वेस्टमिन्स्टरवाला. सभ्यपणामुळे त्याला सगळे जंटलमन जॅक म्हणत. दुसऱ्या बाजूला टॉमी सोपविथ, वय सव्वीसच्या आसपास, मोठ्या वर्गातला जॅग्वारवाला. हा सर थॉमस सोपविथ यांचा मुलगा. पहिल्या महायुद्धातले सोपविथ कॅमल हे विमान त्यांच्याच कारखान्याचे. हरदितसिंग मलिक हा आपला शीख वैमानिक १९१७ साली तेच विमान उडवत होता. म्हणजे एक खातापिता शेतकरी आणि एक उद्योगपतीचा चिरंजीव. दोघांनी वर्षभर आपापला वर्ग गाजवला आणि हिशेब केला तर दोघांचे गुण समान!

नियमांत याला उत्तर नव्हते. पहिल्याच हंगामाच्या नियमावलीत असे खड्डे राहायचेच. नवा कायदा, नवी योजना, नवी परीक्षा, सगळ्यांचे तेच असते. आयोजकांकडून पहिली सूचना आली ती नाणे उडवण्याची. छापा की काटा, आणि ब्रिटनचा पहिला सलून मोटार अजिंक्यवीर ठरला.

दोघांनाही ही कल्पना मुळीच रुचली नाही. मला या सगळ्या हकिगतीतला महत्त्वाचा क्षण हा वाटतो. पुढची शर्यत नंतर. कारण नाणेफेकीत दोघांनाही अर्धी संधी होतीच, मेहनत शून्य होती आणि हरणाऱ्याला सांत्वन तयार होते, की नशीब! तरीही दोघे नको म्हणाले. वर्षभर आपण जे मोजायला निघालो होतो त्याच्याशी नाण्याचा काही संबंध नाही, हे त्यांना कळत होते.

मग मार्ग काढला तो बीएमसीने. ही बीएमसी म्हणजे आपली महापालिका नव्हे. ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या १९५२ च्या विलीनीकरणातून झालेली कंपनी. (आपल्या बीएमसीत चिठ्ठी निघाली आणि त्यांच्या बीएमसीने ती टाळली, हा निव्वळ योगायोग.) कंपनीच्या शर्यत विभागाचे प्रमुख मार्कस चेंबर्स यांनी दोन अगदी एकसारख्या रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या देऊ केल्या. ना ऑस्टिन, ना जॅग्वार. दोघांनाही परकी गाडी. केंट परगण्यातल्या ब्रँड्स हॅच येथे पाच पाच फेऱ्यांच्या दोन शर्यती व्हायच्या. पहिली झाली की दोघांनी गाड्या अदलाबदल करायच्या आणि दुसरी पळायची. दोन्ही वेळा मिळवून ज्याची वेळ कमी तो अजिंक्य.

या अदलाबदलीत केवढे शहाणपण आहे पाहा. सियर्स हा बीएमसीच्या गाड्या रॅलीत चालवणारा, म्हणजे एका अर्थी कंपनीच्या घरचा माणूस. गाड्या त्याच कंपनीच्या. एखादी रायली जरा जास्त तेल-पाणी करून ठेवली असेल, अशी शंका सोपविथच्या माणसांनी घेतली असती तर त्यांना दोष देता आला नसता. अदलाबदलीने ती शंका घेण्याचे कारणच नाहीसे झाले. कंपनीच्या प्रामाणिकपणाची चौकशी नको, प्रमाणपत्र नको, समिती नको. गाडीत खोट असली तरी ती दोघांच्याही वाट्याला एकदा येणार. एकाने भाकरीचे दोन भाग करायचे आणि दुसऱ्याने आपला आधी उचलायचा, ही भावंडांच्या भांडणातली आईची युक्ती यापेक्षा फार निराळी नाही.

आता ती अँबॅसडरची गोष्ट. त्या रायलीच्या बॉनेटखाली होते बीएमसीचे १,४८९ सीसीचे बी-सीरिज इंजिन. हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर मुळात बीएमसीच्याच मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, आणि १९५९ च्या सुमारास तिला हेच १,४८९ सीसीचे इंजिन मिळाले. रायलीला दोन कार्बुरेटर होते आणि शर्यत विभागाचा हात फिरला होता, एवढा फरक सोडा. पण कलेक्टरांपासून आमच्या विभागीय व्यवस्थापकांपर्यंत सर्वांना घेऊन जी गाडी घाटात धापा टाकत चढायची, तिच्या आणि ब्रँड्स हॅचच्या त्या रायलीच्या पोटात एकाच घराण्याचे यंत्र होते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली अँबॅसडरचे उत्पादन थांबले तेव्हा निरोपाचे लेख पुष्कळ आले, पण तिच्या इंजिनाच्या भावंडाने एका देशाचा पहिला अजिंक्यवीर ठरवला होता, ही आठवण कोणी काढलेली माझ्या वाचनात नाही.

ऑक्टोबर १९५८. ब्रँड्स हॅचवर पाऊस कोसळत होता. पहिल्या शर्यतीत सोपविथ पुढे आला. गाड्या बदलल्या. दुसऱ्या शर्यतीत सियर्स पुढे आला. म्हणजे दोन्ही वेळा तीच एक गाडी जिंकली! एकसारख्या म्हणून आणलेल्या दोन गाड्या तंतोतंत एकसारख्या नव्हत्या. अदलाबदल झाली नसती तर सोपविथ अजिंक्य ठरला असता, आणि कारण ठरले असते त्याच्या वाट्याला आलेली गाडी. दोन्ही वेळा मिळवल्या तेव्हा सियर्स १.६ सेकंदांनी पुढे निघाला. चांगल्या गाडीत बसून दोघेही जिंकले. फरक एवढाच पडला की कोण जास्त अंतराने जिंकला.

हे १.६ सेकंद म्हणजे पूर्ण सत्य, असे मी म्हणणार नाही. पावसात चालवण्याचे कसब एक, कोरड्या रस्त्यावरचे दुसरे. दहा फेऱ्यांत एखादे वळण चुकणे हाही नशिबाचाच भाग. पण हरलेल्याला "माझं काय कमी पडलं?" असे विचारता आले आणि त्याला उत्तर मिळाले, हे मोठे. नाणे हे उत्तर देऊ शकत नाही. जन्मतारीखही नाही.

त्याच शरद ऋतूत मोटारींच्या जगात आणखी एक निकाल लागला आणि तो या निकालाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. फॉर्म्युला वनचे जागतिक अजिंक्यपद माइक हॉथोर्नने स्टर्लिंग मॉसपेक्षा एकाच गुणाने जास्त मिळवून जिंकले. मॉसने त्या हंगामात चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथोर्नने एक. आणि पोर्तुगालच्या शर्यतीनंतर हॉथोर्नला बाद ठरवायची वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला तो मॉसच. त्या साक्षीने त्याचे स्वतःचे अजिंक्यपद गेले, आणि पुढेही ते त्याला कधीच मिळाले नाही. हॉथोर्नला ते फार काळ लाभले नाही. जानेवारी १९५९ मध्ये गिल्फर्डजवळच्या ओल्या रस्त्यावर त्याची मोटार घसरली आणि तो गेला. ती मोटार होती जॅग्वार ३.४, सोपविथने वर्षभर पळवली तेच मॉडेल. घरची गाडी आणि शर्यतीची गाडी एकच झाल्याचा हाही एक अर्थ होता.

वर्ग पाडून गुण देण्याची रीत ब्रिटनने बरीच वर्षे चालवली आणि १९९१ मध्ये सोडून दिली. सगळ्या गाड्या दोन लिटरच्या एकाच वर्गात आणल्या. जर्मनीत १९८४ साली त्यांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिला अजिंक्यवीर फोल्कर श्ट्रिसेक हा संपूर्ण हंगामात एकही शर्यत न जिंकता अजिंक्य ठरला, नुसत्या सातत्याच्या बळावर. यावर कोणी हसेल. मी हसणार नाही. रोज वेळेवर येणाऱ्या कारकुनाच्या जोरावर बँका चालतात हे मी पाहिले आहे. मोजायचे काय हे आधी ठरवले आणि सगळ्यांना सांगितले असेल, तर निकाल विचित्र वाटला तरी अन्यायाचा होत नाही.

म्हणून सरसकट चिठ्ठीच्या विरोधातही मला बोलायचे नाही. म्हाडाची घरे सोडतीने मिळतात, ते योग्यच आहे. तिथे कोणी कोणापेक्षा अधिक लायक असतो असे समाजाने मानलेलेच नाही. प्रभागात समान मते पडली तर पुन्हा निवडणूक घेण्याचा खर्च आणि खोळंबा लक्षात घेता चिठ्ठी एक वेळ समजू शकते. पण जिथे कष्ट मोजण्याचे वचन देऊन माणसांना वर्षभर पळायला लावले, तिथे शेवटच्या क्षणी वेगळेच काही मोजणे ही फसवणूक आहे, मग ते चौकार असोत की वाढदिवस. अशा वेळी दोन प्रामाणिक वाटा उरतात. जागा दोघांना देता येत असेल तर द्यावी. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी यांनी २.३७ मीटर उंच उडीचे सुवर्णपदक वाटून घेतले, तेव्हा सोन्याची किंमत काही कमी झाली नाही. गुणवत्ता यादीत दोन पहिले क्रमांक छापले तर कोणाचेच बिघडत नाही. आणि जागा खरोखरच एक असेल तर आणखी एक कसोटी घ्यावी. मात्र ती त्याच विद्येची असावी, आणि गाड्या बदलून घ्यावी.

शाळा-महाविद्यालयांत हे कसे करायचे, असे विचारले जाईल. खासगी शिकवणीची जॅग्वार आणि तालुक्याच्या शाळेची जुनी गाडी यांची अदलाबदल कोणी करू शकत नाही, हे मलाही कळते. म्हणून तर वर्ग लागतात, सवलती लागतात, आणि त्यांच्यावरून भांडणेही होतात. पण वर्गात पहिला आलेल्याला "तू छोट्या गाडीतला" म्हणून हिणवण्याआधी, छोटी गाडी चालवणाऱ्याला मोठी गाडी देऊन पाहिले तर काय होते, याचे एक उदाहरण सियर्सनेच ठेवले आहे. १९६३ साली तो पुन्हा ब्रिटनचा अजिंक्यवीर झाला. त्या हंगामात तो एका गाडीवर नव्हताच. कधी १५०० सीसीची फोर्ड कोर्टिना जीटी, कधी लोटस कोर्टिना, तर कधी सात लिटर इंजिनाची अगडबंब अमेरिकन फोर्ड गॅलेक्सी. आणि त्या वर्षी मे महिन्यात सिल्व्हरस्टोनला त्याने गॅलेक्सी आणली, तेव्हा मागे पडल्या त्या जॅग्वार.